विहिरीवरच्या दगडाची वरची ओळ

इंदू,

तुझ्या नावाचा दगड मी लावू दिला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुझा जीव टांगणीला नको.

तेराव्याला तुझ्या लोणावळ्याच्या घरात माणसं मावत नव्हती. तुझ्या शाळेतल्या बाया होत्या, तुझ्या हाताखाली शिकलेली आणि आता टक्कल पडलेली पोरं होती, भाऊ होते, भावजया होत्या. जेवणं झाल्यावर तुझा सतीश उभा राहिला. म्हणाला, आईने शेवटी एक दगड घडवायला टाकला होता, गावातल्या बौद्धवस्तीच्या विहिरीसाठी. तो अर्धवट राहिलाय. आम्ही असं ठरवलंय की त्यावर मोठ्या अक्षरात 'कै. इंदुमती यांच्या स्मरणार्थ' असं कोरायचं आणि विहिरीवर लावायचा. सगळ्यांनी माना हलवल्या. एकीने पदर डोळ्याला लावला.

मी दाराजवळच्या खुर्चीवरून म्हणाले, "न्हाई."

"काय नाही, मावशी?"

"त्या दगडावर तुझ्या आईचं नाव यायचं न्हाई."

तुझी धाकटी भावजय शेजारणीला हळूच म्हणाली, "हिला मेलेल्या माणसाचंसुद्धा कौतुक नाही." तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. माझे दात गेलेत, कान अजून शाबूत आहेत. आणि मरण्यात कौतुक करण्यासारखं काय आहे? ते सगळ्यांनाच जमतं.

आता तुझ्या शाळेचा अंक निघणार आहे. तू किती वर्षं शिकवलंस, तुला कुठलं बक्षीस मिळालं, ते बाकीचे लिहितील. सतीश एवढं होऊनही मला म्हणाला, मावशी, तुम्ही पण काहीतरी द्या. मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि चौथीचं निम्मं वर्ष शेण्या थापण्यात गेलेलं. तुझ्याबद्दल लिहायला मला जमणार नाही. तुझ्याशी बोलायचं असेल तर जमेल. तसं बोलणं अर्धं राहिलंच आहे आपलं.

सगळं त्या कुत्र्यापासून सुरू झालं, आठवतं?

माझा नवरा आंबीचा, माझ्या आईच्या माहेरचा, पण रेल्वेच्या गँगमध्ये मळवलीला लागला, म्हणून लग्न होऊनही मी आपल्याच गावात राहिले. तो रुळावर, मी मळवलीच्या बंगल्यावर. मालक मुंबईचे, सुट्टीला यायचे. बाकीचे दिवस झाडलोट माझी आणि बंगलाही माझाच. तू नोकरीतून सुटल्यावर एका दुपारी लोकलने एक स्टेशन येऊन, पिशवीत चिक्की घेऊन हजर झालीस. शाळेत तू पुढे बसायचीस आणि मी दाराशी, तेव्हापासूनची आपली ओळख, पण मधली सगळी वर्षं लग्नाकार्यात दिसलीस तर दिसलीस. आलीस ती सरळ बागेत शिरलीस.

आंब्याखाली पांढऱ्या संगमरवराची एक फरशी उभी केली होती. त्यावर इंग्रजी अक्षरं. मी ती रोज ओल्या फडक्याने पुसायचे आणि एक जास्वंद ठेवायचे.

"हौसे, हे फूल कुणाला?"

"मालकाच्या आईला. वारली आसंल हितं."

तू चष्मा पुसलास, वाचलंस, आणि तिथेच गवतात बसलीस. मला वाटलं चक्कर आली. तू हसत होतीस. तोंडातून शब्द फुटेना.

"अगं... टायगर आहे हा! कुत्रा!"

"नीट वाच."

"'आमचा लाडका विश्वासू मित्र टायगर.' खाली पंजा कोरलाय, तो दिसला नाही तुला?"

"मला वाटलं कमळ हाय."

किती वर्षं मी त्या कुत्र्याला फूल वाहिलं! मीही हसले. फूल काही उचललं नाही. एकदा ठेवलेलं काय उचलायचं? टायगरचा त्यात काही दोष नव्हता.

मग मी चहा ठेवला. कप हातात घेतल्यावर म्हणालीस, "हौसे, कुत्र्याला दगड आहे. आपल्या गावात कुणाला आहे गं?"

तिथून तुझं खूळ सुरू झालं.

जुन्या रस्त्यावर टांगे उभे राहायचे ती जागा. पोरींची पहिली शाळा ज्या पडवीत भरायची ती पडवी. घाटातल्या रुळाच्या कामाला आलेली माणसं पाणी प्यायची ते टाकं. जिथे कुणाला काही आठवत नव्हतं तिथे तू जायचीस, म्हाताऱ्यांना बोलतं करायचीस आणि दगड लावायचीस. दगड घडवायला कामशेतजवळच्या विलासकडे. तो पाटे-वरवंटे आणि तुळशीवृंदावनं करणारा. तुझ्यामुळे त्याला अक्षरांची सवय झाली. लोणावळ्यात तुला 'दगडवाल्या बाई' म्हणायला लागले. टांग्यांच्या अड्ड्यावरच्या दगडावर चहावाल्याने फडकी वाळत घातली. तू भांडायला गेलीस तर तो म्हणाला, "बाई, तुमचा दगड लय लवकर तापतो." तू येता-जाता त्याची फडकी काढून घडी करून ठेवायचीस. शेवटी त्यालाच लाज वाटली आणि त्याने दोरी बांधली.

दगडांचे तुझे नियम कडक होते. आपल्याकडे दगड म्हणजे काय असतं? वर मोठ्या अक्षरात पाहुण्याचं नाव, खाली त्याचं पद, मग त्याच्यासोबत आलेल्यांची नावं, आणि एवढं करून जागा उरली तर हा दगड कशाचा आहे ते. आपल्या रस्त्यावरच्या पाण्याच्या टाकीवर इतकी नावं आहेत की टाकीत तेवढं पाणी नसेल. तू म्हणालीस, माझ्या दगडावर पाहुणा नाही, देणगी देणारा नाही आणि माझंही नाव नाही. जागेचं आणि ज्यांनी ते केलं त्यांचं, बस. त्या पडवीच्या मालकाने तुला विचारलं होतं, "बाई, शुभहस्ते कोणाच्या घालायचं?" तू म्हणालीस, "पाथरवटाच्या. त्याचेच हात लागलेत."

हे तेराव्याला जमलेल्यांपैकी कितीजणांना माहीत होतं? भावजयीला तर नव्हतंच. कौतुक म्हणजे काय, ते माझं मला कळतं.

मग तू आमच्या विहिरीकडे वळलीस. तिथे आपलं बिनसलं.

विहीर सगळ्यांना माहीत आहे, पण ती का खणली हे आता वस्तीतल्या पोरांनाही सांगावं लागतं. गावची विहीर देवळाशेजारी होती. आमच्या बायांनी कट्ट्याला हात लावायचा नाही. खाली उन्हात घागरी मांडून उभं राहायचं आणि वर कुणी पाणी भरायला आलं, त्यांच्या मनात आलं, तर ते वरून ओतायचे. मी आईच्या पदराला धरून उभी असायची. तहान लागली तर ओंजळ धरायची, मान वाकवायची. मग आमच्या माणसांनी दीक्षा घेतली. घरी आल्यावर बाप आईला म्हणाला, "आता ओंजळ धरायची न्हाई." आई म्हणाली, "मग प्यायचं काय?" म्हणून विहीर.

तू मजकूर तयार करून आणलास. माझ्या ओट्यावर बसून शाळेत वाचतात तसा वाचलास. "'समाजबांधवांनी श्रमदानातून बांधलेली विहीर.' खाली सात जणांची नावं. कशी वाटते?"

"श्रमदान?"

"हो. म्हणजे स्वतःच्या कष्टाचं दान."

"मला कळतंय. दान कुणाला केलं?"

"असं काय गं, शब्द आहे तो. चांगला शब्द आहे."

"चांगला हाय, तर शाळंला लाव. आमाला तहान लागली व्हती, इंदे. तहानलेलं माणूस दान करत न्हाई. तितं लिही, गावानं पाणी भरू दिलं न्हाई म्हणून खणली."

तू कागदाची घडी घातलीस. म्हणालीस, "दगडावर असं कडू लिहू नये. वाचणारे नवे लोक असतात."

"नव्यांनाच तर सांगायचं हाय. जुन्यांना ठावं हाय."

मग मी तुझी सात नावं बघितली. सगळे पुरुष, बापाच्या नावासकट. मी विचारलं, बाया कुठे गेल्या? पुरुष दिवसभर रुळावर, नाहीतर लोणावळ्याच्या हॉटेलांत. ते सकाळ-संध्याकाळ पहार चालवायचे, सुरुंगाची भोकं पाडायचे. मुरूम आणि दगड वर कुणी काढले? दोरावर पाट्या कुणी ओढल्या? माझ्या आईच्या खांद्याला दोराचा वळ होता, तो मी तिला शेवटची आंघोळ घालतानाही बघितला.

"बरोबर आहे तुझं," तू लगेच पेन काढलंस. "सांग नावं."

मी सांगितली. आंबीकरीण, म्हणजे माझी आई. टाकवेकरीण. नाणोलीकरीण. शिलाटणेकरीण. बेडसेकरीण.

तू लिहायची थांबलीस. "ही माहेरं झाली. नावं सांग ना, खरी."

"खरी म्हंजे कोणती? बापानं ठेवल्यालं नाव लग्नात गेलं. नवऱ्यानं ठेवल्यालं कुणी घेतलं न्हाई. वस्तीत जिथनं आली त्या गावानंच हाक मारायची. टाकवेकरणीला तिच्या नातवानं सुदिक दुसऱ्या नावानं वळाखलं नसतं."

"हौसे, दगडावर असं कसं कोरायचं? लोक हसतील."

"हसू दे. कुत्र्याला फूल घालणारीला हसलीस तशी हसतील."

आईचं नाव मला माहीत होतं, तेवढं मी तुला सांगू शकले असते. सांगितलं नाही. बाकीच्या चौघींची गेलेली असताना एकटीचं कोरून घेणं तिला आवडलं नसतं. पाटी उचलताना पाचही जणी एका दोराला होत्या.

त्यावर तू मला बेडशाच्या लेण्यांवर नेलंस. या वयात! पायऱ्या चढताना तू माझा दंड धरलेला की मी तुझा, हे अजून ठरायचंय. वर पोचल्यावर तू एका जागी बोट दाखवलंस. म्हणालीस, इथे कोरलंय, नाशिकच्या एका शेठच्या मुलाने हे दान दिलं. बघ, हौसे, तेव्हासुद्धा माणसाला त्याच्या गावावरून ओळखायचे. मी मान वर करून ते खांब बघितले, ते घोडे, त्यांच्यावर बसलेली माणसं.

"दान शेठच्या पोराचं," मी म्हणाले. "आनि छिन्नी कुणाची?"

तू हात जोडलेस. बुद्धाला नव्हे, मला. "बाई गं, तू शांत बस जरा." मग आपण भाकरी खाल्ली. ठेचा तू घरून आणला होतास आणि तो फार तिखट होता. मी म्हणाले, शेठच्या पोरानं ह्यो खाल्ला असता तर लेणं अर्धवट सोडून पळाला असता. लेण्यातल्या पोलिसाने आपल्याला हसताना बघून दटावलं.

हे असे दिवस तू मला दिलेस. साठी उलटल्यावर माझ्या आयुष्यात कुणी मैत्रीण येईल, आणि माझ्याशी भांडायला एक स्टेशन पार करून येईल, असं मला वाटलं नव्हतं. नवरा गेल्यावर माझ्याशी सगळे जपून बोलायचे. तू जपून बोलली नाहीस. त्याचे उपकार मी मानते. असे शब्द मला बोलता येत नाहीत, म्हणून लिहिते.

आता तुझ्या आईचं.

ते भांडण ओट्यावर झालं, माझ्या सुनेसमोर. वरच्या ओळीवर आपलं परत सुरू झालं होतं. मी म्हणत होते, 'भरू दिलं नाही' असंच पाहिजे. तू एकदम रागावलीस. तुझा राग मी पहिल्यांदा बघितला.

"गावाने, गावाने म्हणतेस. गाव म्हणजे माझंच घर ना? माझे वडील पाटील होते. पण माझी आई तुम्हाला पाणी द्यायची की नाही? सांग! रोज द्यायची. भर दुपारी जायची."

"द्यायची."

"मग?"

"द्यायची, म्हणून तर खणली."

सून स्वयंपाकघरात निघून गेली. तू चपला घातल्यास, चहा तसाच टाकून गेलीस. पुढे कितीतरी दिवस आली नाहीस. मीही फोन केला नाही. मला काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं, आणि तुलाही वाटत नसणार. दोघी खरं बोलत असलो की भांडण मिटायला वेळ लागतो.

मग सतीशचाच फोन आला, की आई आजारी आहे. मी आले तेव्हा तू उशाला टेकून बसली होतीस. तोंड उतरलं होतं पण केस विंचरलेले. तू प्रकृतीबद्दल काही बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. डॉक्टरने काय सांगितलं ते तुझ्या गालांवर दिसत होतं. पावसाने गावाकडची भाताची रोपं झोपली, ते बोललो. चहावाल्याच्या दोरीचं बोललो. मी उठताना तू माझं मनगट धरलंस.

"हौसे, एक सांग. माझी आई वाईट होती का गं?"

मी म्हणाले, "दगड लागू दे विहिरीला. मग सांगते."

"म्हणजे मला जगायला लावतेस?"

"जग की. कोन नको म्हनतंय?"

तू हसलीस. मी बघितलेलं ते तुझं शेवटचं हसणं. बाकीच्यांनी नंतर काही बघितलं असेल.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सतीश गाडी घेऊन माझ्या दारात आला. मला वाटलं जाब विचारायला आलाय. म्हणाला, "मावशी, चला विलासकडे. दगड बघू. तुम्ही म्हणता ते मला नीट समजून घ्यायचंय." पोरगं चांगलं आहे तुझं. तुझ्यासारखंच, आधी हरकत घेतं आणि मग ऐकतं.

विलासने पोतं बाजूला केलं. काळा दगड, वरचा भाग गुळगुळीत मोकळा. खाली पुरुषांची सात नावं, आणि त्यांच्याच आकाराच्या अक्षरांत, एकाखाली एक: आंबीकरीण. टाकवेकरीण. नाणोलीकरीण. शिलाटणेकरीण. बेडसेकरीण.

मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विलासच्या पाटे-वरवंट्यांच्या ढिगावर बसले.

सतीश वाकून वाचत होता. "ह्या बायका बाहेरगावच्या होत्या का? कामाला आणल्या होत्या?"

विलास माझ्याकडे बघायला लागला.

"बाहेरगावच्याच रं," मी म्हणाले. "सुना बाहेरगावच्याच असत्यात. ह्यी वरची आंबीकरीण, ती माझी आई."

सतीशने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग विलासला विचारलं, "खालून का कोरलं? वरती मोकळं का ठेवलंय?"

"बाईंनी सांगितलं तसं," विलास म्हणाला. "म्हनल्या, खालून सुरू कर. नावांचं आमचं मिटलंय. वरच्या ओळीचं भांडन अजून चालू हाय, ते मिटलं की येते."

नावांचं मिटलंय! मला कळवायचं तरी. तुझं हे असं. हरलीस की सांगायची नाहीस, नुसतं करून टाकायचीस.

तुझं नाव वर घालण्याचा विषय त्यानेच सोडला. म्हणाला, "आईला चाललं नसतं ना?"

"तिनं घन घालून फोडला असता."

"मग वर काय घालायचं?"

मी सांगितलं. विलासने गेरूने लिहून दाखवलं. 'गावच्या विहिरीवर आम्हाला पाणी भरू देत नव्हते. म्हणून आम्ही ही विहीर खणली.'

सतीशने दोनदा वाचलं. तुझाच मुलगा तो, पाटलांच्या लेकीचा. तोंडावरून एक सावली गेली त्याच्या. "आजोबांचं नाव नाही ना यात?"

"न्हाई. नाव दगडावर यायला काम करावं लागतं."

विलास खाली बघून छिन्नी पुसत राहिला. सतीश म्हणाला, "कोरा."

दगड गेल्या रविवारी लागला. सरपंचाचा निरोप आला होता की फीत कापायला येतो. मी कळवलं की फीत नाही. तरी तो आला, आणि कापायला काही नसल्यामुळे त्याने सिमेंटची पाटी धरली. तेवढं त्याला जमलं. वस्तीतल्या बाया आल्या, आता त्याही सगळ्या बाहेरगावच्याच. नळ आल्यापासून विहिरीचं पाणी नुसतं रोपांना आणि गुरांना जातं, पण विहीर अजून आटत नाही. दगड बसल्यावर एका सुनेने मोठ्याने वाचला. नावांपाशी आल्यावर तिचा आवाज बदलला. मग ती मला म्हणाली, "आजी, मी बी नाणोलीचीच की." मी म्हणाले, मग धू तो दगड, सिमेंट लागलंय.

तर इंदू, दगड लागला. आता तुझं उत्तर.

तुझी आई वाईट नव्हती. चांगली होती. बाकीच्या यायच्या नाहीत अशा उन्हाच्या वेळी ती आमच्यासाठी डोक्यावर पदर घेऊन बाहेर पडायची, तुझे वडील आत झोपलेले असायचे. ती ओतताना धार बारीक धरायची, एक थेंब बाहेर जाऊ द्यायची नाही. कधी कधी तिच्याबरोबर तू यायचीस, हट्टाने घागर मागायचीस, आणि तुझे हात लहान, तू निम्मं पाणी सांडायचीस. तुझी आई तुला रागवायची आणि परत भरून ओतायची. ते पाणी पिऊन मी वाढले आहे. हे मी विसरलेले नाही आणि कधी नाकारलंही नाही.

पण तिला ताप आला की आम्ही तहानलेले. ती माहेरी गेली की आम्ही तहानलेले. ती इतकी चांगली होती, तरी आईला मान वाकवावी लागायची, आणि मला बघावं लागायचं. दुसऱ्याच्या चांगुलपणाची वाट बघत उन्हात उभं राहायचं, ह्याला माणूस कंटाळतो, इंदू. त्यात तुझ्या आईचा दोष नाही. पण विहीर तिच्या चांगुलपणातून नाही निघाली, ती आमच्या कंटाळ्यातून निघाली. म्हणून तुझ्या आईला दगडावर जागा नव्हती. इथे मात्र लिहिलं. शाळेचा अंक आहे, तुझ्या नातवंडांच्या हाती पडेल. त्यांनी वाचावं की त्यांची पणजी चांगली बाई होती, आणि तेवढं पुरेसं नव्हतं.

एक राहिलं. माणसं पांगल्यावर सतीश माझ्याजवळ आला. दगड धरून धरून त्याचे हात कोपरापर्यंत सिमेंटचे झाले होते. मी पोहरा ओढून कट्ट्यावर ठेवला होता. तो खालीच उभा राहिला, दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे केली आणि मान वाकवली. त्याला काही ठाऊक नाही. माणूस हात धुताना असाच उभा राहतो.

मी पोहरा उचलला. आणि खाली ठेवला.

"मावशी, ओता ना."

"हितं कुनी कुनाला वतत न्हाई," मी म्हणाले. "वर ये. दोर धर."

तो कट्ट्यावर आला. मी भरलेला पोहरा विहिरीत परत पालथा केला आणि दोर त्याच्या हातात दिला. सवय नाही, हात सिमेंटने निसरडे. पण ओढला त्याने. वर येईपर्यंत निम्मं पाणी सांडलं होतं, अगदी तुझ्यासारखं.